कापडी टपाचं उद्घाटन

आमच्या गाडीचा टप कापडाचा होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या नरेशरावांनी ही गोष्ट शेवटपर्यंत नीट मनावर घेतलीच नाही. कापड म्हटलं की ते मळणार, धुवावं लागणार, वाळवावं लागणार. कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. पण ज्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्याने एकदम मोटारीचा टप धुवायला घेतला, तर दुसरं काय होणार?

नरेशराव म्हणजे माझे यजमान. धंदा पाट्यांचा. दुकानांच्या आणि ट्रकांच्या पाट्या रंगवून आमचं जेमतेम चालायचं. मग छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं, आणि जिथे जिथे ‘मध्य प्रदेश’ लिहिलं होतं तिथे तिथे ते खोडायची वेळ आली. कचेऱ्या त्याच, खुर्च्या त्याच, पंखेही तेच कुरकुरणारे. पाट्या मात्र नव्या हव्यात. राज्य चालवायला काय काय लागतं ते मला ठाऊक नाही, पण सगळ्यात आधी पाटी लागते एवढं मी खात्रीने सांगते. साहेब बदलला की पाटी, पद बदललं की पाटी, आणि काहीच बदललं नाही तर अक्षर लहान दिसतं म्हणून पाटी. गुढियारीच्या दोन खोल्यांतून आम्ही समता कॉलनीतल्या बंगल्यात आलो ते या पाट्यांच्या जिवावर.

पैसा आला की माणसाला काहीतरी सुचतंच. कुणी सोनं घेतं, कुणी भागवत सप्ताह लावतं. नरेशरावांनी दिल्लीहून जुनी परदेशी मोटार आणली. लाल मोटार, वर उघडता येणारा कापडी टप, आणि टपाचा रंग दुधावरच्या सायीचा. रायपुरात! जिथे गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर कारखान्यांच्या काजळीने संध्याकाळपर्यंत राखी होते. मी म्हटलं, “अहो, काळा टप नव्हता काय?” तर म्हणाले, “विनोदिनी, तुले स्टँडर्ड समजत नाही.” मला स्टँडर्ड समजत नाही, पण मळखाऊ रंग समजतो.

गाडी दारात आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला ओवाळलं. सासूबाई म्हणजे अंजनाबाई. माझे सासरे नरहरी रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळ्यात मागच्या उघड्या डब्यात, हातात झेंडा घेऊन त्यांनी सगळी नोकरी काढली. ते जाऊनही आता बराच काळ झाला. सासूबाईंनी ताम्हण खाली ठेवलं, कापडी टपावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “नरेश, हे उघडते म्हंतेत ना? मंग मले एकडाव उघडून फिरव. गोल बाजारातून ने अन् गुढियारीले घेऊन चाल. आपली शेजारीण मीराबाई हाये अजून तिथं, तिले दिसलं पायजे.”

“हव आई, नेतो ना.”

“तुहे बाबा म्हणत, त्या मागच्या डब्यात लय हाल होतेत. वारं नुसतं झोडपून काढते. जिंदगीभर आयकलं मी. मले एकडाव पायचं हाये, कसं असते ते वारं.”

या बाईने मुलाकडे उभ्या आयुष्यात काही मागितलं नव्हतं. बंगला झाला तेव्हाही तिने स्वतःसाठी फक्त देवघराजवळची खोली मागितली होती, तीही जिना चढवत नाही म्हणून. मला वाटलं, आता लगेच टप उघडून आईला बसवतील. पण नरेशराव म्हणाले, “नेतो, पण पहिले उद्घाटन होऊ दे.”

आता टपाचं उद्घाटन कसलं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण आमच्या शहरात तेव्हा उद्घाटनाशिवाय काही सुरू होतच नव्हतं. हातपंपाला पाणी लागलं तरी फीत कापेपर्यंत त्यातून पाणी भरायची चोरी. नरेशरावांनी तर अशा कितीतरी उद्घाटनांच्या पाट्या केल्या होत्या. त्यांच्या लेखी न कापलेली फीत म्हणजे न झालेली वस्तू. त्यांचा बेत असा होता की मंत्रीजी घरी यावेत, त्यांच्या हाताने टप उघडावा, मग मंत्रीजींनी गाडीत उभं राहून हात हलवत राज्योत्सवाच्या मैदानापर्यंत जावं, आणि सगळ्या राजधानीने ते पाहावं. म्हणजे पुढच्या पाट्या पण आपल्याच. तोवर टप उघडायचा नाही. आईसाठीसुद्धा नाही.

मंत्रीजींची तारीख काही मिळेना. कधी दौरा, कधी अधिवेशन, कधी नुसतंच “देखते हैं”. आणि इकडे सासूबाई रोज चहा घेताना विचारायच्या, “नरेश, झालं का उद्घाटन?” दूध आलं का, या सुरात. नरेशराव म्हणायचे, “होऊन राहिलं, आई.”

उघडायचा नाही म्हटल्यावर टप राखणं आलं. गाडीसोबत एक पुस्तिका आली होती. तिच्यात सगळं नीट लिहिलं होतं: आधी मऊ ब्रशने धूळ झाडा, मग सावलीत गार पाण्याने भिजवा, सौम्य साबण लावून विणीच्या दिशेने हलक्या हाताने घासा, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, खडखडीत वाळू द्या, आणि त्यानंतरच पाणी न धरणारं औषध फवारा. एवढं सोपं. पण पुस्तिका वाचून काम करणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात. गाडी धुवायला काढली की कॉलनीतले सभ्य गृहस्थ फाटकाशी जमायचे, आणि प्रत्येकाला कापडी टपातलं कळायचं. सगळ्यात पुढे विनायकराव, कचेरीतून निवृत्त झालेले, सल्ला देण्यातून मात्र नाही.

“बेसन लावा, नरेशराव. रेशमी शालूले बेसनच लावतेत.”

“बेसनानं मुंग्या येतील ना,” मी खिडकीतून म्हटलं.

“मंग रिठे लावा.”

रिठे लावले. सायीचा रंग गेला, आमटीचा आला. तो काढायला कपड्यांची पावडर आणि कडक ब्रश, म्हणजे पुस्तिकेत नको म्हणून सांगितलेल्या दोन्ही गोष्टी. कोपऱ्यात ब्रश पोचेना तर नरेशरावांनी स्वतःचा दाढीचा ब्रश आणला. दुसऱ्या दिवशी दाढी करताना तोंडाला पावडरीचा वास येऊ लागला, तर माझ्यावर ओरडले.

शेजारच्या जांभळाला फळं धरली. पाखरांना आमचा टप फार आवडायचा. ती जांभळं खायची आणि टपावर जांभळे ठिपके टाकून जायची. नरेशरावांनी ताडपत्रीएवढं जाड प्लास्टिक आणलं आणि गाडी गच्च गुंडाळली. मी म्हटलं, “कापडाले हवा लागते जी. ओलं गुंडाळलं का वास मारते.” पण आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक आहे, सोफ्याला प्लास्टिक आहे, तर गाडीला का नसावं? पोळ्याला सोडवलं तेव्हा टपावर हिरवट बुरशी धरली होती, लोणचं बिघडलं की बरणीच्या तोंडाशी धरते तशी. मग व्हिनेगर. घरभर आठवडाभर आंबट वास, आणि पोळी खाताना सुद्धा तोच.

ते फवारायचं औषध आणलं नव्हतं असं नाही. माझा भाऊ गौतम पुण्याला असतो, त्याने बाटली पाठवली होती. पण इतकी भारी वस्तू उठसूट वापरायची नसते. नरेशरावांनी ती कपाटात चांदीच्या भांड्यांशेजारी ठेवली, कुलूप लावलं आणि म्हणाले, “उद्घाटनाच्या दिवशी मारू.” पाऊस गेला, धूळ आली, काजळी तर होतीच. टप उघड्या अंगाने सगळं सोसत होता, आणि त्याचं रक्षण कपाटात नीट राखून ठेवलेलं होतं.

आणि अखेर तारीख मिळाली. राज्योत्सवाच्याच दिवशी, दुपार कलल्यावर, मंत्रीजी येणार! नरेशरावांना आभाळ ठेंगणं झालं. मांडव उभा राहिला, लाल फीत आली, पाटी तर घरचीच. आदल्या दिवशी कपाट उघडून औषधाची बाटली काढली. झाकण फिरवलं. आत औषध थिजून त्याचा खरवस झाला होता. नरेशराव बाटली उलटी करून बघत राहिले.

त्यात टप शेवटचा म्हणून धुतला, तो वाळला आणि ढिला पडला. इतक्या धुण्याने कापडाचा जीवच गेला होता. मधोमध झोळी पडली, कडा लोंबायला लागल्या. नरेशराव पायरीवर बसले आणि डोकं धरलं. “आता मंत्रीजीले काय दाखवू मी? हे तर जुनं धोतर दिसून राहिलं.” मला हसू येत होतं, पण त्यांचं तोंड पाहून मी ते पदरात दाबलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी कापड चिमटीत धरलं, बोटांनी चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, “काहून रडून राहिला? याले खळ लावा लागते.”

नरेशरावांनी डोक्यावरचा हात काढला.

“जी. एम. साहेबाचं इन्स्पेक्शन राहे तवा तुह्या बाबाचा पांढरा कोट मीच करून देत होती. खळ दिली का कापड ताठ राह्यते, अन् धूळही आत शिरत नाही. वरच्यावर झटकली का गेली.”

खरं सांगते, मलाही पटलं. सासऱ्यांच्या कोटाची कीर्ती अख्ख्या गुढियारीत होती. तो कोट काढून ठेवला तर एकटा उभा राहायचा असं म्हणत.

आमच्याकडे भात रोज पातेलंभर लागतो. त्याची पेज, इथे जिला पसिया म्हणतात, ती कामाला येणारी शेवंता रोज फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या कुंडीत ओतते. अकराच्या सुमारास पारातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गाई येतात, पिऊन जातात. घर बांधलं तेव्हापासूनचा हा रिवाज. सासूबाईंचं पुण्य आणि गाईंचा नाश्ता, दोन्ही त्यात भागायचं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मुद्दाम नव्या तांदळाचा दुप्पट भात टाकायला लावला आणि सगळी पेज घरात ठेवून घेतली.

“अउ गरुवा मन बर?” शेवंताने विचारलं. गाईगुरांना काय?

“त्यायले आज उपास,” सासूबाई म्हणाल्या.

पेज फडक्यातून गाळली, आटवली, त्यात मिठाची चांगली चिमूट टाकली. मीठ टाकलं की खळ इस्त्रीला चिकटत नाही, हा त्यांचा नेम. इस्त्री करायची नव्हती, पण नेम तो नेम. पदर खोचून त्यांनी स्वतःच्या हाताने टपावर खळ चढवली, आडवी आणि उभी, आणि आम्ही दोघं कडा ताणून धरून उभे. नोव्हेंबरचं ऊन कडक होतं. तासाभरात टप असा ताणला गेला की नरेशरावांनी त्यावर टिचकी मारली तर टण्ण आवाज आला. सुरकुती म्हणून नाही! नरेशराव आईच्या पाया पडले. “आई, मंत्रीजी गेले का पहिली चक्कर तुही.”

“पाहू,” सासूबाई म्हणाल्या, आणि कपाटातलं ठेवणीतलं लुगडं काढायला आत गेल्या.

मंत्रीजी येणार म्हणून दोन शिपाई बंदोबस्ताला आले होते. नरेशरावांनी त्यांना गाडीजवळ उभं केलं आणि बजावलं, “किसी आदमी को गाड़ी के पास नहीं आने देना. हाथ भी नहीं लगना चाहिए.” मग आम्ही सगळे मांडवाच्या, हारांच्या आणि नाश्त्याच्या मागे लागलो. मंत्रीजींना यायला उशीर होणार हे ठरलेलंच होतं, आणि फाटक त्यांच्यासाठी सताड उघडं होतं.

अकराच्या गाई त्या दिवशीही आल्या. कुंडी कोरडी. गाईंनी वाट पाहिली असेल, कुंडी चाटून पाहिली असेल. मग त्यांना वास लागला असणार, नव्या तांदळाच्या पेजेचा, वरून मीठ घातलेल्या.

मी हारांची परडी घेऊन बाहेर आले तेव्हा आमच्या मोटारीला चार गाई लागल्या होत्या. दोघी दोन्ही बाजूंनी चाटत होत्या, एकीने पुढचे पाय मागच्या बंपरवर ठेवले होते, आणि पांढरी गाय टपाचा एक कोपरा दाताखाली धरून डोळे मिटून चावत होती. दोन्ही शिपाई शेजारी सावधान उभे.

“अरे, तुम देख क्या रहे हो?” नरेशराव धावत आले.

“सर, आपने आदमी का बोला था,” पहिला शिपाई म्हणाला.

“और ये तो गौमाता है,” दुसरा म्हणाला. “लाठी कैसे चलाएँ? आज के दिन? फोटोवाले आए हुए हैं.”

नरेशरावांनी गाईला ढकललं, गाय हलली नाही. विनायकराव फाटकातून ओरडले, “शेपटी पिरगाळा!” पण स्वतः पुढे आले नाहीत. आणि नेमका त्याच वेळी सायरन वाजला. आयुष्यात पहिल्यांदाच मंत्रीजी वेळेआधी आले होते.

पांढऱ्या गाड्या लागल्या. मंत्रीजी उतरले, हात जोडले, चार पावलं पुढे आले आणि थांबले. समोर लाल मोटार, तिच्यावर लोंबणारी अर्धी लाल फीत, फितीखाली टपाला हातभर भगदाड, आणि भगदाडात घातलेलं तोंड आमची पांढरी गाय बाहेर काढत होती. फीत तिने केव्हाच तोडली होती. उरलेली अर्धी तिच्या शिंगात होती. नरेशरावांच्या चेहऱ्याचा रंग टपाहून पांढरा झाला.

पण मंत्रीजी काही उगाच मंत्री झाले नव्हते. त्यांनी फोटोवाल्यांकडे एक नजर टाकली, गाईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “अरे वाह! उद्घाटन तो गौमाता ने कर दिया. अब हमारी क्या ज़रूरत?”

आधी मंत्रीजींच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, मग मांडवाने, मग शिपायांनी. शेवटी नरेशरावांनीही वाजवल्या, दुसरं करणार काय? मंत्रीजींनी एक काजूकतली उचलली, “देखते हैं” म्हणाले आणि आपल्याच गाडीत बसून मैदानाकडे गेले. धूळ उडाली ती टपावर बसली. खळ असली तरी बसली.

मांडव रिकामा झाला. नरेशराव पायरीवर बसून होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. इतका वेळ जपून, इतकं घासून, त्या बिचाऱ्याच्या हाती काय आलं? तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. ठेवणीतलं लुगडं, पायात नव्या चपला, अंबाड्यात शेवंतीचं फूल.

“नरेश, झालं ना उद्घाटन?”

“आई, तू पायलं नाही काय? गाईनं सारं खाल्लं!”

“कोणं केलं ते मी इचारलंच नाही. झालं का नाही, ते सांग.”

“झालं,” नरेशराव म्हणाले.

“टाळ्या पडल्या ना?”

“पडल्या.”

“मंग चाल.”

आणि ती बाई जाऊन गाडीच्या पुढच्या दारापाशी उभी राहिली. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी किल्ली आणून घराला कुलूपच लावून आले.

नरेशरावांनी कड्या काढून बटण दाबलं. मोटर घरघरली, कापड कडकडलं, आणि टप अर्ध्यावर जाऊन ताठ उभा राहिला. खळीचं कापड ते, दुमडेल कसं? “पाण्याचा शिबका मारा,” सासूबाई म्हणाल्या. मी तांब्याभर पाणी शिंपडलं, आम्ही दोघांनी हाताने दाबलं, आणि इतके महिने राखलेला टप शेवटी ओल्या पोतेऱ्यासारखा मागे जाऊन पडला. वर उघडं आभाळ. गाडी पहिल्यांदा गाडीसारखी दिसली.

गोल बाजारात गाडी मुंगीच्या पावलाने चालली. भांड्यांच्या दुकानांतली माणसं वाकून बघायची. कुणीतरी ओरडलं, “भैया, छत कहाँ गया?” नरेशराव मान खाली घालून गाडी हाकत होते. सासूबाई मात्र नाराज. “वारं कुठं हाये, नरेश? हे तर रिक्षातही लागते.”

रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे गेलो. मालधक्क्याच्या बाजूचा रस्ता सणामुळे मोकळा होता. नरेशरावांनी एकदा आईकडे पाहिलं आणि पाय दाबला. वारं आलं. सासूबाईंचा पदर उडाला, तो मी मागून धरला. फूल गेलं. अंबाडा सुटला आणि पांढरे केस माझ्या तोंडावर यायला लागले. दोन्ही हातांनी समोरची काच धरून त्या अर्धवट उभ्या राहिल्या होत्या, आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. मला वाटलं, नवऱ्याचे हाल आठवले असतील. माझेही डोळे भरून आले.

“आई,” नरेशराव घाबरून म्हणाले, “हळू करू काय?”

“लबाड!” सासूबाई कडाडल्या. “लबाड माणूस! घरी आला का म्हणे, ‘अंजना, लय हाल होतेत वं, वारं झोडपून काढते.’ अन् हे असं वारं खात होता? रोज? एकटा? अन् मी रातच्याले त्याच्या पायाले तेल चोळून देत होती!”

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या, पुन्हा उठल्या. मीराबाईंचं घर दिसायला लागलं. मीराबाई दारातच बसल्या होत्या, डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. नरेशरावांनी गाडी हळू केली.

“थांबू नको,” सासूबाई म्हणाल्या. “मीराबाई कुठं जाते? अजून एक चक्कर मार.”